बाग बोलली नाही

(दृश्य : काटोलकडचा संत्र्याचा बगीचा. पोळा होऊन चार दिवस झालेत. ओली काळी माती, चपला हातात.)

काका झाडाकडे समोरून पाहतच नाहीत. फांदी वर करून आत शिरतात, बुंध्याला पाठ टेकतात आणि मान वर करतात. आंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं फळ अजून हिरवं, पानंही हिरवी. बाहेर उभ्या माणसाला निम्मी फळं दिसतच नाहीत. आतून मात्र आभाळाच्या उजेडावर एकेक फळ काळं उठून दिसतं. दहा-बारा सेकंद. मग पुढचं झाड. मग मधली रांग सोडून थेट धुऱ्याकडचं, बांधालगतचं.

"साडेचारशे," काका म्हणतात. झाडामागे साडेचारशे फळं.

तीस वर्षं झाली, ते उक्त्याने बागा घेतात. फळ झाडावर असतानाच अख्ख्या बागेचा सौदा, इसार देऊन मोकळं. सहा बाय सहा मीटरवर लावलेली बाग असेल तर एकरी 110 च्या आसपास झाडं बसतात. ही बाग 3 एकरांची. झाडामागे 100 फळांनी अंदाज हुकला तर 33 हजार फळं कमी भरतात, आणि ती भरपाई काकांच्या खिशातून होते.

(दृश्य : दुसरी बाग. मालक चहा घेऊन उभा.)

ही बाग तर आणखी भरलेली. निदान आम्हाला तसं वाटलं. काका चार झाडं फिरले आणि माघारी वळले. "नाई जमत." मालकाने रक्कम उतरवली. तरी नाही. चहा मात्र घेतला.

गाडीत विचारलं, काहून नाही म्हटलं?

"मले नाई सांगता येत. बाग बोलली नाई."

रात्री चित्रीकरण पाहताना ते सापडलं. तिसऱ्या झाडापाशी, मालकाशी बोलता बोलता, काकांचा अंगठा एका पानाच्या मधल्या शिरेवरून फिरतो. शीर पिवळी आहे. मग नजर खाली बुंध्याकडे जाते. जमिनीलगत सालीवर डिंकाचे दोन ओघळ. डिंक्या. फायटोप्थोरा बुरशीने मुळं कुजली की झाड असंच दिसतं, आणि असं झाड फळ शेवटपर्यंत धरेल याचा भरवसा नसतो. सकाळी काकांना तो तुकडा दाखवला.

"हाव ना राजा, पिवळीच होती," ते म्हणाले. आपण ती पाहिली होती, हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

चित्रीकरणाच्या या भागाचं नाव आम्ही 'मनाचा कौल' ठेवणार होतो. काढून टाकलं. कौल देवाला लावतात. इथे देव नव्हता, तीस पोळ्यांचा हिशेब होता. हर्बर्ट सायमन या नोबेलविजेत्या अमेरिकी अभ्यासकाने 1992 मध्ये जवळपास हेच लिहिलं : अशी आतून येणारी जाणीव म्हणजे ओळख पटणं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अमेरिकेतल्या अग्निशमन जवानांचा अभ्यास केला. त्यातला एक अधिकारी सांगत होता : स्वयंपाकघराची आग, पाणी मारूनही दबत नव्हती. खोली भलतीच तापलेली, आणि आवाज मात्र फारसा नाही. त्याने माणसं बाहेर काढली. थोड्याच वेळात जमीन खचली. खरी आग तळघरात होती, आणि घराला तळघर आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे, असं तो धरून चालला होता.

(दृश्य : नागपूरचा कळमना बाजार. संत्र्याचे ढीग, बोली.)

आता इथे काकांना विचारा, दिवाळीला भाव काय राहील?

"चढते. लिहून घ्या."

तोच आवाज, तीच खात्री. गेल्या वर्षीही चढणार होता. आडत्याने हसून मान हलवली, काकांनी पाहिलं नाही. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक, आणि त्या सरकारने गेल्या काही वर्षांत आयात शुल्क वाढवत नेलं. ते पानाच्या शिरेत कुठून दिसणार?

क्लाइन आणि नोबेलविजेते मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनमन यांनी 2009 मध्ये मिळून एक लेख लिहिला. क्लाइन अनुभवी माणसाच्या जाणिवेवर विश्वास ठेवणारे, काहनमन संशयखोर. भांडण्याची तयारी करून बसले, आणि बहुतेक मुद्द्यांवर जुळलं. ज्या कामात खुणा पुन्हा पुन्हा त्याच दिसतात आणि चूक झाली की कळते, तिथेच ही जाणीव तयार होते. माणसाला किती खात्री वाटते, यावर काही ठरत नाही.

काकांच्या पुतण्याने हा लेख वाचलेला नाही. तो तेवीस वर्षांचा आहे, आणि त्याच्याकडे दोनशे पानी वही आहे. झाडाखालून बाहेर आलं की काका काही बोलायच्या आधी तो आपला आकडा लिहितो. बाजूला काकांचा. तिसरा रकाना तोडणीच्या मोजणीचा. पहिल्या वर्षी हा पोट्टा झाडामागे दोन-दोनशे फळं जास्त धरत होता. आता साठ-सत्तरवर आलाय.

बाजारभावाचा रकाना त्याने यंदाच पाडला. काकांना ते काही आवडलेलं नाही.