फणसात अडकलेलं पातं

नमस्कार श्रोतेहो. सुरीची मूठ हलायला लागली की आपण चिंधी गुंडाळतो आणि चिडचिड करत भाजी चिरत राहतो. पातं चांगलं असतं, बिघडलेली असते ती मूठ. आणि मूठ घरी बदलता येते.

माझी आत्या राजापूरकडची. एकदा मे महिन्यात अंगणात फणस फोडायला बसली. हाताला खोबरेल, सुरीला खोबरेल. (फणसाची भाजी कुकरात शिजवणाऱ्यांशी माझं पटत नाही, पण ते असो.) तिने हिसका दिला, आणि मूठ हातात, पातं फणसात! चिकाने असं धरलेलं की आतोबांना पकडीने ओढावं लागलं.

नेमकं तेव्हा गावात घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलेलं. नवरा सांडशीने लोखंड धरायचा, बायको घण घालायची. आत्या शिसवीचा तुकडा घेऊन गेली. बाईने तो फिरवून पाहिला. "गाठ हाय, फुटंल." आणि आपल्याजवळची वाळलेली बाभूळ काढली. शेपटीपेक्षा, म्हणजे पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या टोकापेक्षा, जरा अरुंद भोक पाडलं. पात्याला ओलं फडकं गुंडाळून नुसती शेपटी भट्टीत धरली. लाल झाल्यावर भोकात दाबली तसा धूर निघाला आणि लाकूड जळून शेपटीच्या मापाचं झालं. मग शेपटी निववून भोकात लाखेची पूड भरली, शेपटी पुन्हा थोडी गरम केली आणि घट्ट बसवली.

"फडकं कशाला गं?"

"पात्याचं पानी उतरंल न्हाईतर."

"आणि मूठ टिकेल किती?"

"मूठ माझी, पातं तुमचं आक्का. आधी कोन जातंय बगा."

आत्या पक्की घासाघीस करणारी, पण त्या दिवशी तिने ठरल्या पैशांवर पसाभर गरेही दिले.

तर लक्षात ठेवा: पातं ओल्या फडक्यात, तापवायची ती फक्त शेपटी. पुन्हा सांगतो, फक्त शेपटी. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि धार टिकत नाही. पातं फडक्यासकट पकडीत धरा, खिडकी उघडी ठेवा. लाख नको असेल तर दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद भरा, पण तो थंड शेपटीवर. लाखेची मूठ उकळत्या पाण्यात घालू नका, लाख वितळते. मुठीला जवसाचं तेल चोळा. खोबरेल सुकत नाही, मूठ बुळबुळीत राहते.

रिबिटांच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकून बसवलेल्या सुऱ्यांचं राहिलंच. जुनी रिबिटं ड्रिलने काढा, नव्या लाकडी पट्ट्या लावा, भोकांत पितळी तार घालून ठोका. वेळ संपली म्हणतायत. नमस्कार.