तुम्ही कोल्हापूरचे ना, मग चालेल!

पत्रिकेवर माझा विषय ‘ओळख आणि अनुमान’ असा छापलाय. भारदस्त आहे, मलाही आवडला. फोनवर मी सांगितलं होतं ते एवढंच, की एखाद्या गावाबद्दल लांबून ठोकून बोलता येतं, आणि तिथं चार दिवस राहिलं की जीभ अडखळायला लागते. ती का अडखळते, यावर आज बोलायचंय. त्याआधी एक तक्रार. तक्रार लांबली तर घंटा वाजवा.

मी कोल्हापूरचा, नोकरीनं पुण्यात आलेला. इथं कुणाकडं जेवायला गेलो की यजमान आत वर्दी देतात, “अगं, हे कोल्हापूरचे आहेत, यांच्या भाजीत तिखट जरा सढळ हातानं घाल!” पित्ताचा त्रास आहे का, गोळ्या चालू आहेत का, कुणी विचारत नाही. ऑफिसच्या पार्टीत माझ्यासाठी परस्पर व्हेज कोल्हापुरी मागवली जाते. ही काय वस्तू आहे? माझ्या आईनं ती कधी केली नाही, आजीनं केली नाही, शेजारच्या काकूंनीही नाही. फ्लॉवर, गाजर, फरसबी, वर लाल तवंग, आणि गिऱ्हाइकाला शंका नको म्हणून माथ्यावर एक अख्खी तळलेली मिरची. एकदा वेटरनं काळजीनं विचारलं, “साहेब, चालेल ना? कोल्हापुरी आहे.” म्हटलं, “मीपण.”

अहो, आमच्या मटणाच्या ताटात दोन वाट्या असतात. तांबडा रस्सा जगाला ठाऊक आहे. दुसऱ्या वाटीतला पांढरा, म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. आमच्या घरी पोरांना सर्दी झाली की हाच गरमागरम पाजायचे. आणि ती प्रसिद्ध चटणी! उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत पडतात, मग डंकावर रांग लागते, गल्लीभर शिंका. पण मिरची कुठली? रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यात, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे कोल्हापूरचा ठसका कर्नाटकातनं येतो. सीमाप्रश्नावर मला बोलावलेलं नाही, म्हणून पुढं जातो.

दुसरा समज पैलवानांचा. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे, खाशाबा जाधव शिकायला आमच्याच राजाराम कॉलेजात होते, सगळं खरं. पण संध्याकाळी पेठेत फिरा, पोरं भांडत असतात फुटबॉलवरनं. आमच्याकडं संघाचं नावच पाटाकडील तालीम असतं आणि तो खेळतो फुटबॉल! सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमकडं जाणाऱ्या माणसाला कुस्तीबद्दल विचारून बघा. २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक पदक आणलं ते राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं, तेही रायफलनं. मातीत लोळून नव्हे, श्वास रोखून.

...हो, चिठ्ठी मिळाली. सात मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळतच सांगावा लागणार.

पहिलं असं, की लांबच्या माणसाचं मत बनतं ते गावाबाहेर जाऊ शकणाऱ्या वस्तूंवर. चप्पल जाते, गूळ जातो, मसाला जातो. गगनबावड्याचा पाऊस जात नाही, चंदगडच्या बोलीत मिसळलेली कोकणी जात नाही, गडहिंग्लजच्या बाजारात कानावर पडणारं कानडी जात नाही. आणि चपलेचंही बघा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून.

दुसरं. ओळख झाली की माणूस सरसकट बोलणं सोडतो, असं आपण धरून चालतो. सोडत नाही, पलीकडं ढकलतो. ‘पुणेकर खवचट’ म्हटलं की कोथरूडकर म्हणतो, ते पेठेतले. पेठेतला म्हणतो, ते आमच्या समोरच्या वाड्यातले. हसताय, म्हणजे इथं समोरच्या वाड्यातलेच बरेच आहेत. आम्हीही तेच करतो, कोल्हापूरचा माणूस इचलकरंजीबद्दल जे बोलतो ते इथं सांगण्यासारखं नाही.

तिसरं महत्त्वाचं, आणि ते मला आवडत नाही. आतल्या माणसाला अपवाद दिसतात, पण नियम दिसत नाही. माझी बहीण पुण्यात कॉलेजला आली तेव्हा पहिल्याच दिवशी हॉस्टेलच्या मुली हसल्या, “तू ‘मी आलो, मी जेवलो’ का म्हणतेस?” आमच्याकडच्या कितीतरी बायका असंच बोलतात. पण तोवर आमच्या घरात ते कुणाच्या कानाला कधी लागलंच नव्हतं. परक्या मुलींनी एका वाक्यात आमच्या अख्ख्या भागाबद्दल सरसकट विधान केलं आणि ते बरोबर निघालं. तेव्हा ‘आमच्याकडं राहून बघा, मग बोला’ हे उत्तर मी प्रत्येक वेळी देऊ शकत नाही. रस्सा आणि फुटबॉल यांच्यापुरतं देतो.

आणखी एक मुद्दा होता. बाहेरच्यांची समजूत गावाला कशी वाकवते, हा. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांसाठी आता आमच्याच काही खानावळी रस्सा जास्त लाल करतात, कारण फिका दिला तर ‘हे ओरिजिनल नाही’ म्हणून पाहुणा वाटी परत करतो. यावर बोलायला अर्धा तास हवा होता, पण तो व्हेज कोल्हापुरीनं खाल्ला. अध्यक्ष उभे राहिलेत, थांबतो.