वायच वर, वायच खाली

(पडवीत अंधारलेलं. जांभ्याच्या उघड्या भिंतीवर हिरवी रेघ उमटते.)

देवगडच्या सड्यावरचं नवं घर. दिवेलागणीची वेळ. भिंतीला गिलावा झालेला नाही आणि तांबड्या चिऱ्यावर ही हिरवी रेघ. रेघ पाडतंय लेझर लेव्हल नावाचं यंत्र, आणि आज बघायचं आहे ते या यंत्राला रिमोटने वरखाली करणारं स्टँड. चिऱ्याच्या भोकांत ती तुटते, पुढच्या काठावर पुन्हा सापडते.

रेघेच्या जरा वर पेन्सिलची एक खूण आहे. तयार लादीपासून बरोबर एक मीटर उंच. घरातली दारं, खिडक्या, ओटा, स्विचबोर्ड, सगळ्यांची उंची या खुणेवरून निघणार. खूण आणि रेघ यांच्यात अंतर आहे ८ मिलिमीटर. गवंड्याच्या मापात अडीच सूत.

रेघ आडवी आहे की नाही, याची चिंता नको. ते यंत्र स्वतः बघतं. उंचीचं मात्र त्याला काही कळत नाही. ती माणसानेच द्यायची.

(दोघेजण. एक भिंतीशी, एक स्टँडशी.)

“वायच वर… आणखी वायच… रवांदे! गेला, गेला. खाली घे.”

हे साधं स्टँड, मूठ फिरवून यंत्र वरखाली करायचं. भिंतीशी उभ्या असलेल्याला खूण दिसते, पण स्टँडची मूठ त्याच्या हातात नाही. मूठ ज्याच्या हातात आहे, त्याला पाच मीटरवरून अडीच सूत दिसत नाही. एकटा असला तर फेऱ्या: भिंत, स्टँड, भिंत, स्टँड. खोली बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

(पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी.)

लेव्हल काढायला आधी ही नळी होती. अजूनही आहे. एका नळीतलं पाणी दोन्ही टोकांना सारख्याच उंचीवर थांबतं, एवढ्यावर कोकणातली कितीतरी जोती उभी राहिली. नळीला बॅटरी लागत नाही आणि ती कोपऱ्यातून वळून पलीकडच्या खोलीत जाते. लेझरला हे जमत नाही, तो नाकासमोरच जातो. पण नळीत एक बुडबुडा राहिला की लेव्हल खोटी. म्हणून भरताना पाणी एकाच टोकातून, सावकाश, बादली उंच ठेवून सोडायचं आणि मग दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतं का ते बघायचं. नळीचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत असला तरी फरक पडतो, कारण तापलेलं पाणी हलकं होऊन त्या बाजूला थोडं चढतं. शिवाय नळीला बहुधा दोन माणसं लागतात.

(यंत्र जवळून. काचेआड हलणारा लोलक.)

लेझर लेव्हलच्या पोटात एक लोलक टांगलेला असतो आणि प्रकाशाचा उगम त्या लोलकावरच बसवलेला असतो. शेजारचे चुंबक त्याचं झुलणं आवरतात. साधारण ४ अंशांपर्यंतचा कल तो स्वतः सांभाळून घेतो. कल त्याहून जास्त झाला की रेघ लुकलुकते, म्हणजे स्टँड सरळ करा.

रेघ हिरवी का? माणसाचा डोळा भर उजेडात सर्वांत तीक्ष्ण असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. ५२० चा हिरवा तिथून जवळ, ६३५ चा लाल लांब. शक्ती तेवढीच ठेवली तरी हिरवा सुमारे तिप्पट उजळ दिसतो. पण भर दुपारी अंगणात हिरवाही हरतो. चित्रीकरण संध्याकाळचं आहे ते त्यामुळेच.

(स्टँड. उभा खांब, त्यावर सरकणारी गाडी. मोटरचा बारीक आवाज.)

आता मुख्य वस्तू. ट्रायपॉडच्या डोक्यावर हा हातभर उंचीचा ॲल्युमिनियमचा खांब. खांबात आट्यांचा दांडा, दांड्याच्या बुडाशी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी), दांड्यावर नट, नटाला जोडलेली गाडी, गाडीवर लेझर. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं. दांड्याच्या एका फेऱ्यात गाडी २ मिलिमीटर चढते, म्हणजे एका पावलाला ०.०१ मिलिमीटर.

एवढी बारकाई भिंतीवर दिसत नाही. पाच मीटरवर रेघच दोनेक मिलिमीटर जाड असते. त्यामुळे एका टिचकीला अर्धा मिलिमीटर आणि बटण दाबून धरलं तर सेकंदाला सेंटिमीटरभर, एवढं पुरे. रिमोटवर चार बटणं लावून कोणाचं भलं झालेलं नाही. रेघेची वरची कड धरायची की मधला भाग, ते मात्र सकाळीच ठरवा आणि दिवसभर तेच ठेवा. एकाने कड धरली, दुसऱ्याने मध्य धरला, की मिलिमीटरभर चूक घरच्या घरीच तयार.

आट्यांचा दांडा निवडताना बहुतेक जण फसतात. बाजारात ८ मिलिमीटर जाडीचे दोन दांडे सारखेच दिसतात. एकाच्या फेऱ्याला गाडी २ मिलिमीटर सरकते, दुसऱ्याच्या ८. आठवाला वेगवान वाटतो, पण त्याचे आटे इतके तिरपे असतात की मोटरचा प्रवाह तोडला की लेझरच्या वजनाने दांडा उलटा फिरू लागतो. सकाळी खुणेवर लावलेली रेघ चहा होईतो खाली आलेली. दोनवाला जागीच धरून ठेवतो, प्रवाह तोडता येतो, मोटर तापत नाही, बॅटरी टिकते.

(तांबडी धूळ. ब्रशने साफ होणारे आटे.)

इथला खरा शत्रू हा. चिरा कापला की ही माती सगळीकडे बसते. दांड्याला ग्रीस लावलं असेल तर धूळ आणि ग्रीस मिळून लेप तयार होतो. खाली येण्याचं बटण दाबलं, दांडा फिरला, पण गाडी रुळावर चिकटून राहिली. नटातली मोकळीक संपली की ती धक्क्याने खाली येते. भिंतीशी उभ्या माणसाला वाटतं रिमोट बिघडला. रिमोट ठीक आहे. आटे कोरड्या ब्रशने साफ करा, ग्रीसऐवजी कोरडं वंगण वापरा, दांड्यावर भात्यासारखं रबरी आवरण चढवा. आणि खुणेवर येताना नेहमी खालून वर या. रेघ खुणेच्या वर गेली असेल तर आधी चांगली खाली घ्या आणि मग चढवा.

खाऱ्या हवेसाठी दांडा स्टेनलेसचा, नट पितळेचा. साध्या पोलादाचा दांडा पावसाळाभर पिशवीत राहिला, तर गणपतीला उघडेपर्यंत तांबडा झालेला असतो.

रिमोट कोणता? टीव्हीसारखा इन्फ्रारेड चालतो, पण तो समोरासमोर लागतो आणि उन्हात गोंधळतो. ब्लूटूथला समोर असावं लागत नाही. तरी चिऱ्याच्या जाड, ओल्या भिंतीपलीकडे तोही दमतो.

(गाडी थांबते. रेघ थरथरते, स्थिर होते.)

ही थरथर बघा. गाडी थांबली तरी आतला लोलक झुलतोय. तीन ते पाच सेकंद थांबा आणि मगच पेन्सिल टेका. मोटर हळू सुरू होऊन हळू थांबणारी असली तर हा वेळही कमी होतो.

आता उभ्या रेघेबद्दल. स्टँड ४ अंश कलला असेल तर लोलक आडवी रेघ आडवीच ठेवतो, तक्रार करत नाही. पण गाडी खांबावरून १०० मिलिमीटर चढली, तर कललेल्या खांबावरून ती ७ मिलिमीटर बाजूलाही सरकते. दाराच्या चौकटीला ओळंबा म्हणून उभी रेघ वापरत असाल, तर ती सात मिलिमीटर गेली. म्हणून आधी स्टँडच्या बुडातल्या स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणा.

(पाच मीटरची खोली, समोरासमोरच्या दोन भिंती.)

यंत्र खरं सांगतंय का, ते तपासायची रीत. स्टँड पहिल्या भिंतीजवळ. तिच्यावर खूण करा, यंत्र फिरवून समोरच्या भिंतीवर दुसरी खूण करा. मग स्टँड उचलून दुसऱ्या भिंतीजवळ न्या आणि रेघ तिथल्या खुणेवर अचूक आणा. इथे रिमोटची टिचकी कामाला येते. आता यंत्र वळवून पहिल्या भिंतीकडे बघा. रेघ जुन्या खुणेवरच पडली तर उत्तम. जे अंतर दिसेल ते खऱ्या चुकीच्या दुप्पट. मीटरला ०.३ मिलिमीटर सूट असलेल्या यंत्राला पाच मीटरवर ३ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सूतभर फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर ते यंत्र घरात नको.

(पडवी. सिमेंटच्या मालावर टेकवलेला लादीचा तुकडा.)

पडवीला ढाळ हवा. आठ फूट रुंदीला इंचभर, बाहेरच्या बाजूला. सरळ पट्टी घ्या. भिंतीकडच्या लादीवर उभी धरून रेघ जिथे पडते तिथे पट्टीवर खूण करा. मग रिमोटने गाडी २५ मिलिमीटर खाली आणा. तीच पट्टी बाहेरच्या कडेच्या तुकड्यावर ठेवा आणि खूण रेघेवर येईपर्यंत तुकडा ठोकत बसवा. हिशेब डोक्यात ठेवायला नको, रिमोटच्या पडद्यावर २५ दिसतं.

फक्त तो आकडा म्हणजे मोटरला दिलेली पावलं आहेत. गाडी अडकली आणि मोटरची पावलं चुकली, तरी पडदा २५ च दाखवणार. दिवसातून एकदा गाडी ५० चढवून भिंतीवर टेपने मोजा.

लादीच्या चकचकीत पाठीवरून किरण उलटतो. हे लेझर १ मिलिवॉटच्या आतले, पापणी मिटेपर्यंत इजा न करणारे. तरी खाली बसून काम करणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत गाडी आणू नये.

या घरात हे काम एक गवंडी एकटा करतो. स्टँडशी उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याची त्या वेळची हजेरी वाचते. तो आता माल कालवतो, किंवा दुसऱ्या कामावर जातो.

(मालवणचा किनारा. ओढून वर घेतलेली होडी, खाली लाकडी टेकू.)

पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या आधी होड्या किनाऱ्यावर येतात आणि शाकारण्यापूर्वी काहींना रंग लागतो. खालचा रंग कुठे संपतो ती रेघ मारायची आहे. वाळूवर होडी पुढेमागे सपाट बसत नाही, म्हणून इथे यंत्राची स्वतःची अक्कल बंद करायची. लोलकाला कुलूप. रेघ लुकलुकून सांगते की ती आता आडवी नाही. ट्रायपॉडचं डोकं कलवत ती नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, आणि मागच्या जुन्या खुणेला एकाच वेळी लावायची.

त्यानंतर रिमोट. वरचा पट्टा १०० मिलिमीटरचा हवा, तर गाडी १०० चढवायची आणि दुसरी रेघ आखायची. हे अंतर उभ्यात मोजलेलं असतं. म्हणून होडीचं अंग जिथे तिरपं होतं तिथे पट्टा रुंद दिसतो. ती चूक नव्हे. पाण्यात बसल्यावर दोन्ही कडा सारख्या दिसतात.

उरली पलीकडची बाजू. लेझर होडीतून आरपार जात नाही. नाळेवरची खूण दोन्ही बाजूंना एकच, पण मागची खूण पलीकडे न्यायला हवी. टेकू दोन्ही बाजूंना सारखे ठोकून होडी उभी सरळ केली, की तळाखालून ती पाण्याची नळी ओढायची. दोन्ही टोकांना दोघं.