रात्री भिजलेली खीर

(ओट्यावर काचेची बरणी)

रात्रीचे दहा. ओटा पुसून झालाय, गॅस बंद. बरणीत एक कप दूध आणि तीन मोठे चमचे चियाचं बी. उद्याची न्याहारी.

ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा ढवळायचं. हे दुसरं ढवळणं राहिलं की बी तळाला बसतं; सकाळी वर नुसतं दूध, खाली गच्च गोळा. या व्हिडिओच्या पहिल्या चित्रीकरणात नेमकं तेच झालं. मग बरणी फ्रिजमध्ये.

(बी, अगदी जवळून)

करडं, ठिपकेदार, जेमतेम दोन मिलिमीटरचं. ओल लागली की सालीतून बारीक तंतू सुटतात, बीभोवती बुळबुळीत वेष्टण धरतं. आपल्या वजनाच्या दहापट पाणी हे बी धरून ठेवतं. आच न लागता खीर आळते ती या बुळबुळीमुळे.

चिया मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसनं नाव दिलं साल्व्हिया हिस्पॅनिका, म्हणजे स्पेनची. रोप तिथलं नव्हेच! सोळाव्या शतकातल्या मेंडोझा कोडेक्स या सचित्र हस्तलिखितात मेक्सिकोच्या अझ्टेक राज्यकर्त्यांना येणाऱ्या खंडणीत मका आणि घेवड्याच्या जोडीला चिया आहे. मेक्सिकोत ते आजही लिंबूपाण्यात भिजवून पितात.

(फालुद्याचा ग्लास)

आपला सबजाही याच तुळशीच्या कुळातला. तो चटकन फुगतो, पण दाणा दाणा सुटा राहतो. दूध तितकं आळत नाही. बुळबुळीत खरा जवळचा म्हणाल तर अळीव. बाळंतिणीच्या लाडवांसाठी नारळाच्या पाण्यात भिजत घातलेले अळीव ज्यांनी पाहिलेत, त्यांना या बरणीचं नवल वाटणार नाही.

100 ग्रॅम चियात सुमारे 34 ग्रॅम चोथा, 17 ग्रॅम प्रथिनं आणि 600 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. पाकिटावरचे हे आकडे वाचताना एवढं लक्षात असू द्या, की आपल्या बरणीत जेमतेम 35 ग्रॅम पडलंय. त्यातला चोथाही सवय नसलेल्या पोटाला पुष्कळ. सुरुवात एका चमच्यानं करावी. आणि कोरडं बी फाकायचं नाही. ते घशाखाली अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं.

(सकाळ)

चमचा उभा राहतोय. चियाला स्वतःची चव अशी नाहीच, म्हणून वेलदोड्याची पूड आणि किसलेला गूळ. सगळं गारच असल्यानं गुळानं दूध फाटायची धास्ती नाही. वर हापूसच्या फोडी. बरणीतूनच खाल्लं तरी चालेल.