मागं काय दिसतंय

(लघुपटाचं निवेदन. आवाज: वडील)

[पडद्यावर: आढ्याला टेकलेला कापसाचा ढीग, वर दोन मुलं]

हा फोटो 2023 च्या मार्चमधला. हवेत आहे तो माझा धाकटा. नाक दाबून शिंक अडवतेय ती थोरली. घरी आलेल्या पाहुण्यांना हा फोटो दाखवला की पहिलं वाक्य ठरलेलं: काय मजा आहे पोरांची!

मजा होतीच. पण कापूस काही पोरांच्या मजेसाठी घरात भरला नव्हता. आदल्या हंगामात भाव क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला होता. त्या भरवशावर 2022 च्या दिवाळीत वेचलेला माल आम्ही विकलाच नाही. गिरणाकाठचं आमचं गाव, तालुका चाळीसगाव; त्या वर्षी गल्लीत ज्याच्या घरात डोकवावं तिथं कापूसच. लांब धाग्याचा हमीभाव 6380 रुपये, बाजार त्याच्या थोडा वर, आणि आम्ही बसलोय 10 हजारांची वाट बघत. मधल्या घरातली बाज बाहेर गेली, धान्याची कोठी भिंतीला सरकली, पोरांचा अभ्यास ओट्यावर आला. घरात कापूस साठवला की त्यातल्या धुळीनं, बारीक किड्यांनी अंगाला खाज सुटते. पोरं दिवसभर उड्या मारायची आणि रात्री अंग खाजवत झोपायची. त्यांची आई रोज संध्याकाळी दोघांना मोरीत उभं करून घासायची आणि मला बोलायची.

[फोटोचा डावा कोपरा, जवळून]

आता हा कोपरा बघा. खिळ्याला कॅलेंडर आहे. तारखांच्या चौकटीत बारीक अक्षरात आकडे दिसतात, ते माझ्या हातचे. वेचणीला आलेल्या कुठल्या बाईनं कुठल्या दिवशी किती किलो कापूस वेचला, त्याचा हिशेब. वेचणीची मजुरी किलोवर असते. कॅलेंडरच्या खाली दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा. फोटो काढताना मला यातलं काही दिसलं नव्हतं. मी पोराची उडी पकडायला बसलो होतो.

कापसातला फोटो काढणं सोपं नाही, हेही सांगून टाकतो. कॅमेऱ्याला वाटतं, जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या रंगाची असावी. समोर पांढराशुभ्र ढीग आला की तो बिचकतो, उजेड कमी करतो. मग कापूस होतो राखाडी आणि पोरांची तोंडं काळी पडतात. म्हणून पडद्यावर बोट ठेवून उजेड मुद्दाम वर सरकवावा लागतो, कापूस डोळ्याला दिसतो तितका पांढरा होईपर्यंत. उडीसाठी शटर वेगवान हवं, सेकंदाचा पाचशेवा भाग तरी. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात एवढा उजेड कुठून आणणार? आमच्या धाब्याला एक झरोका होता. दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमाराला त्यातून उन्हाचा खांब थेट ढिगावर उतरायचा. तेवढ्या वेळात काय ते उरकायचं. पोरांना ते बरोबर माहीत झालं होतं. ऊन आलं की धाकटा ओरडायचा, “पप्पा, लाईट आली!”

[पडद्यावर: जुना कृष्णधवल फोटो. खुर्चीवर माणूस, बाजूला उभी बाई, मागं रंगवलेला पडदा]

हे माझे आजोबा आणि आजी. दोघांचा एकत्र असा हा एकच फोटो. स्टुडिओतला. मागं कारंजं आहे, संगमरवरी जिना आहे, जिन्याच्या कठड्यावर कुंडी आहे. आजोबांनी जन्मात असा जिना चढला नाही. त्यांचं घर, त्यांची बैलजोडी, त्यांचं शेत, कशाचाच फोटो नाही. फोटो म्हणजे घरातून उठून, नवे कपडे घालून, जिथं आपण राहत नाही तिथं जाऊन बसायचं.

पुढं माझ्या लहानपणी काकांकडे रोलचा कॅमेरा आला. एका रोलमध्ये 36 फोटो. दिवाळीला घातलेला रोल अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरवायचा. म्हणून वाढदिवस, लग्न, नवी मोटारसायकल. मायचा भाकरी थापतानाचा फोटो काढायला कुणी रोल वाया घालवत नसे.

आता रोल नाही, तर फोनवाल्यांनी दुसरा पडदा आणलाय. पोर्ट्रेट मोड. चेहरा लख्ख, मागचं सगळं धूसर. सगळ्यांना तो फार आवडतो. मी तो बंद करून ठेवलाय. त्या कापसाच्या फोटोत तो चालू असता, तर कॅलेंडर गेलं असतं, चौकट गेली असती, कोठी गेली असती. उरली असती दोन गोंडस पोरं, ती पुण्याच्या गच्चीवरची असती तरी काय फरक पडला असता?

[पडद्यावर: चाळीसगाव, स्टेशनजवळचा रस्ता; मग एक दगडी बंगला]

फोटोचा विषय निघाला आणि चाळीसगावच्या माणसानं केकी मूस यांचं नाव घेतलं नाही, असं होत नाही. जन्म 1912 चा, मुंबईतला, पारशी कुटुंबातला. इंग्लंडात फोटोग्राफी शिकून आले आणि स्टेशनजवळच्या या घरात राहिले. राहिले म्हणजे खरोखरच राहिले. जवळजवळ 50 वर्षं घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. 1989 मध्ये गेले. ते का बाहेर पडले नाहीत, रात्री येणाऱ्या गाडीची वाट का बघत, ही गोष्ट गावात कुणालाही विचारा, चहा संपेपर्यंत सांगतील. मला त्या गोष्टीचा जरा कंटाळा येतो. गोष्ट सगळ्यांना पाठ आणि फोटो किती जणांनी बघितलेत? त्यांचं टेबलटॉपचं काम बघण्यासारखं आहे. घरात एक टेबल, त्यावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश जुळवायचा आणि अख्खा देखावा उभा करायचा.

त्यांच्या घराचं आता कलादालन आहे. मुलांना घेऊन गेलो होतो. धाकट्याला फोटोंपेक्षा जुन्या वस्तूच आवडल्या. थोरली मात्र एका फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “यात चुकून आलेलं काहीच नाहीये.” अकरा वर्षांच्या पोरीनं हे म्हणावं! खरंच, मूस यांच्या चौकटीत प्रत्येक गोष्ट ठेवलेली आहे, मागची सावलीसुद्धा. माझ्या फोटोत जे मोलाचं आहे ते सगळं चुकून आलेलं. त्यांच्याइतकी नजर मला नाही, आणि पोरं असलेल्या घरात टेबलावर काही मांडून ठेवायची सोयही नाही.

[पडद्यावर: वैशाखातलं ऊन, गच्चीवर कुरडया]

उन्हाळा. पारा 44-45 ला गेला की फोनच तापतो, कॅमेरा चालू होत नाही. म्हणून आमचे उन्हाळ्यातले फोटो एक तर सूर्य वर यायच्या आतले, नाही तर कलत्या उन्हातले. कुरडयांचं काम पहाटेच असतं. तीन दिवस भिजवलेले गहू वाटायचे, गाळायचे, सत्त्व शिजवायचं. हा जो वाफाळता चीक आहे, तो साच्यात जायच्या आधी वाटीत पळवायचा, वर साखर नाही तर तेल-मीठ. इथं धाकट्याच्या हनुवटीवर जो चकाकतोय तो चीक. मागं बाजेवर पसरलेलं लुगडं मायचं. ते लुगडं ती नेसायची तेव्हाचा फोटो माझ्याकडे नाही. कुरडया वाळवायला अंथरलेलं आहे, तेवढ्यात आलं.

ही अखाजी. माहेरवाशिणी आलेल्या, गौराई बसलेली, निंबाला झोके. खांदेशात अखाजी म्हणजे नुसता सण नाही. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या शेतगड्याचं साल इथंच संपतं आणि नवं इथंच ठरतं. झोक्यावर थोरली आणि तिची आत्या. खाली पारावर पुरुष पत्ते कुटतायत, त्या दिवशी त्यावरून कुणी कुणाला रागावत नाही. आणि अगदी कडेला, अर्धा कापला गेलेला, पिशवी घेऊन उभा असलेला माणूस दिसतो? तो आमच्याकडचा सालदार. हिशेब घ्यायला आला होता. त्या अखाजीला आमचा कापूस घरातच होता. त्याचे पैसे मी उसने आणून दिले. ज्याला हे माहीत नाही, त्याच्यासाठी हा झोक्याचा छान फोटो आहे.

[पडद्यावर: पाडलेलं घर. सागाच्या कड्या एका बाजूला रचलेल्या, मातीचा ढिगारा]

2024 च्या उन्हाळ्यात धाबं उतरवलं. पावसाळ्यात गळायचं, दरवर्षी वर माती टाकायला लागायची आणि ते काम करणारे हात गावात राहिले नाहीत. आता स्लॅब आहे, फरशी आहे, पोरांना अभ्यासाची खोली आहे. घर पाडलं म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. गळणाऱ्या घराचं कौतुक शहरातून करायला सोपं असतं. पण पाडायच्या आधी घराचे वेगळे फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही. आता ते घर आहे ते पोरांच्या मागं. वाढदिवसाच्या फोटोत देवळी सापडते. पोलिओच्या डोसाच्या दिवशी काढलेल्या रडक्या फोटोत अख्खा ओटा, पायऱ्यांसकट. झरोका मात्र कुठल्याच फोटोत नाही. त्याचं ऊन तेवढं आहे, कापसावर पडलेलं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. फोटो काढताना दोन पावलं मागं सरतो. फोटो कापत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ठेवत नाही, कारण तो आकारानं बारीक होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. मूळ फाईलच मागून घेतो. दिवाळीला थोडे फोटो कागदावर काढून आणतो आणि मागं बॉलपेननं लिहितो: कोण, कुठं, त्या वर्षी पाऊस कसा, कापूस कितीनं गेला.

[पडद्यावर: थोरली, तळहात कॅमेऱ्यापुढं]

हा तिचा हात. हल्ली असाच फोटो मिळतो. “पप्पा, नको ना.” 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीनं पालकांची संमती घ्यावी, असं म्हटलंय. घरगुती फोटोंना तो कायदा लागू नाही. म्हणजे इथं कायदाही मीच आणि पालकही मीच. मग आम्ही आमचं ठरवलं: तिला विचारल्याशिवाय तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार नाही. या फिल्ममधला तिचा प्रत्येक फोटो तिनं पास केलेला आहे. तिला न आवडलेले काही फार चांगले फोटो तुम्हाला दिसणार नाहीत. हात दाखवायला तिची हरकत नव्हती.

फोन मात्र ती माझ्याकडून घेते. तिनं काढलेल्या फोटोंत मी सापडतो: ढेरी पुढं काढून मोटर चालू करताना, बनियनवर, तोंडात टूथब्रश. माझे इतके फोटो माझ्या लग्नातही निघाले नसतील. तिची आई भाकरी थापतेय, एका हातानं फोन कानाला. बकरीचा एकच कान. बोअरची पाटी. काय ठेवायचं, काय पुसायचं, ते मी तिला सांगत नाही.

[पडद्यावर: ओट्यावर बसलेली वृद्ध स्त्री, पुढ्यात शेंगांचं सूप, मागं दोरीवर कपडे]

राहता राहिली माय. मागच्या वर्षी तिनं फर्मान काढलं, भिंतीवर लावायला माझा एक फोटो पाहिजे. आमच्याकडे म्हातारी माणसं असला फोटो आपल्या हयातीतच करून घेतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मी हा काढला. शेंगा फोडताना, कलत्या उन्हात, मागं दोरीवर नातवंडांचे शाळेचे गणवेश. मला वाटलं, झकास जमलाय. तिनं चष्मा लावून बघितला. म्हणाली, “हाऊ पसारा कोनले दखाडस तू?” म्हणजे, हा पसारा कुणाला दाखवतोस?

मी तिला समजावलं. मागचं किती महत्त्वाचं, आजोबांच्या फोटोतला तो खोटा जिना, सगळं. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी नातीला सोबत घेऊन एस.टी.नं चाळीसगावला गेली आणि स्टुडिओतून फोटो करून आली.

[पडद्यावर: भिंतीवरची फ्रेम]

हा तो. कपडे नाहीत, दोरी नाही, ओटा नाही. चेहरा माझ्याच फोटोतला आहे, स्टुडिओवाल्यानं कापून घेतला. साडीला जरीचा काठ आलाय, तो मूळ साडीला नव्हता. मागचा धबधबा थोरलीनं निवडला. दोन होते म्हणे, एक हिमालयातला होता, पण आजीला थंडी वाजेल म्हणून हा घेतला.