यादी गावासमोर ठेवल्याने काय कळते?

‘चावडी वाचन’ हा महसूल खात्यातला शब्द २०१७ साली शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचला. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी आलेले अर्ज गावासमोर वाचावेत, म्हणजे अपात्र माणूस आपोआप उघडा पडेल, अशी ती कल्पना होती. मला ती आजही आवडते. मात्र तिच्यावर आपण जितका भरवसा ठेवतो तितके काम ती करत नाही.

कायद्याची बाजू भक्कम आहे. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे शासनाने कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावे, असे २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ४ सांगते. पीएम किसान योजनेच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की वर्षाला सहा हजार रुपये मिळणाऱ्यांची नावे समोर येतात. तरीही माहिती अधिकारातील एका अर्जाला केंद्रीय कृषी मंत्रालयाने दिलेल्या उत्तरातून २०२१ च्या आरंभी समजले की, २०.४८ लाख अपात्र व्यक्तींच्या खात्यांवर १,३६४ कोटी रुपये गेले होते, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक जण आयकर भरणारे होते.

आता शेजाऱ्याचे आयकर विवरणपत्र गाव कुठून वाचणार? ते संगणकालाच ताडून पाहता येते. उलट, सातबारा एकाच्या नावावर आणि नांगर दुसऱ्याच्या हातात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण संगणकाला ते कधीच दिसत नाही. हे दोन प्रकारचे ज्ञान एकत्र यायचे असेल, तर नुसते नाव पुरेसे नाही. कोणत्या गटातील किती क्षेत्रावर आणि कोणत्या निकषावर रक्कम मिळाली, हेही नावासमोर हवे.

यावर खासगीपणाचा आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जर्मनीतील हेसेन राज्यातल्या शेतकऱ्यांनी तो मांडला, तेव्हा युरोपीय न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करण्याचा नियम रद्द ठरवला. त्यानंतर युरोपीय संघाने यादी बंद केली नाही; १,२५० युरोपर्यंत रक्कम घेणाऱ्या लहान शेतकऱ्यांची नावे झाकली आणि मोठ्यांची उघडी ठेवली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने, वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधील सार्वजनिक हिताची अटच काढून टाकली. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते ही कलम ८(२) मधील तरतूद आणि कलम ४ शाबूत आहेत, हे खरे. पण टेबलामागच्या अधिकाऱ्याला नकार देणे सोपे झाले.

माझी मोठी तक्रार मात्र यादीत नसलेल्यांविषयी आहे. खंडाने किंवा बटईने जमीन कसणारा, नवऱ्याच्या मृत्यूनंतर वारसनोंद रखडलेली बाई, आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही म्हणून हप्ता अडलेला म्हातारा: यांची यादी कोणत्याही चावडीवर वाचली जात नाही. ती लाभार्थ्यांच्या यादीशेजारीच लावावी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे नाकारण्याचे कारण ‘त्रुटी’ या एका शब्दात न उरकता पूर्ण वाक्यात लिहावे.