बाटलीत भाकरी किती?

श्रोतेहो, नमस्कार. फेब्रुवारीत तासगावकडच्या एका घरी गेलो होतो. सत्तरीचे तात्या, अन्ननलिकेचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. मुलानं मला सोप्यातच गाठलं. "डॉक्टर, चार दिवस पोटात काय न्हाई. सलाईन लावा की. बापाला उपाशी मारायचं व्हय?"

हा प्रश्न सांगली-मिरजेत मला सतत ऐकावा लागतो. त्यातली माया खरी, हिशोब मात्र चुकलेला. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. फार तर शंभर कॅलरी. जेमतेम अर्धी भाकरी. नॉर्मल सलाईन म्हणजे तर निव्वळ मीठ-पाणी.

शिरेतून खरं जेवण देता येतं, त्याला आम्ही टीपीएन म्हणतो. साखर, प्रथिनांचे घटक, स्निग्धांश असं मिसळलेलं दुधी रंगाचं पातळ. मानेतून किंवा दंडातून घातलेल्या नळीनं ते हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात. त्या नळीवाटे जंतू रक्तात शिरू शकतात, साखर वर-खाली होते, यकृतावर ताण येतो, रक्त पुन्हापुन्हा तपासावं लागतं. खर्चाचं तर विचारूच नका.

तरी मी त्याला सरसकट नाही म्हणत नाही. गाठीनं आतडं बंद झालंय, पण माणूस हिंडता-फिरता आहे, पुढं काही महिने हातात दिसतायत, तिथं टीपीएन नाही दिलं तर आजाराआधी भूकच त्याला नेईल. मात्र सुरू करतानाच घरच्यांशी बोलून तारीख ठरवावी: दोन आठवडे देऊ, अंगात ताकद दिसली नाही तर थांबवू. हे आधी बोललं नाही, की पुढं नळी काढताना 'आम्हीच मारलं' हा सल घरात राहतो. मी स्वतः एकदा ही चूक केली आहे.

तात्यांचं तसं नव्हतं. दिवसरात्र झोप, पाय सुजलेले, छातीत घरघर. अशा शरीराला शिरेतून ओतलेलं अन्न वापरता येत नाही. पाणी तेवढं पायांत आणि फुप्फुसांत साचतं. जेवण सुटलं म्हणून आजार बळावला, असं आपल्याला वाटतं. असतं उलटं. या टप्प्यावर भूकही बहुतेकांना जाणवत नाही. जाचतं ते कोरडं तोंड, आणि ते सलाईननं फारसं ओलं होत नाही.

"तात्यांना कुणी विचारलंय का?" मी म्हटलं. कुणीच विचारलं नव्हतं. कानाशी वाकून मुलानंच विचारलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "सुई नको. माल निघाला का?"

मुलगा द्राक्षबागेत गेला, एक घड घेऊन आला. चार मणी धुऊन ओल्या फडक्यात चुरगाळले आणि फडकं बापाच्या ओठांवरून फिरवलं. तात्यांनी जीभ लावली.

"अजून आठ दिवस थांब," म्हणाले. "गोडी भरली न्हाई."